हमरस्त्यावरील न्याय

अच्छाड हे पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील एक गाव. ते महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर वसलेले आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथे महाराष्ट्राचा निरोप घेतो आणि भिलाडच्या बाजूने गुजरातेत शिरतो. पूर्वी हा मार्ग ८ क्रमांकाचा महामार्ग म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक ४८ आहे. सीमेवरील तपासणी नाक्यामुळे या लहानशा गावाचे नाव दूरदूरच्या मालमोटार-चालकांच्या तोंडी झाले.

या परिसरात वारली, कोकणा, धोडी इत्यादी आदिवासी लोकांची वस्ती मोठी आहे. पावसाळ्यात भातशेती करावी आणि शेतीचे काम सरले की मजुरीसाठी बाहेर पडावे, असा येथील अनेक कुटुंबांचा क्रम असतो. कोणी डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत जातो, तर कोणी सीमा ओलांडून उंबरगाव व वापीकडील कारखान्यांची वाट धरतो. महामार्ग या लोकांना रोजगार देतो, बाजार जवळ आणतो, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवतो. परंतु हाच मार्ग कधी कधी घरातील कर्ता माणूस हिरावून नेतो. एका बाजूला मोठमोठ्या मालमोटारींची अखंड रांग आणि दुसऱ्या बाजूला पायी किंवा सायकलवरून चाललेला मजूर, असा हा विषम सामना आहे.

समजा, असा एक मजूर संध्याकाळी कामावरून परतत आहे. त्याला एका मालमोटारीची धडक बसते. मोटारीचा मालक दुसऱ्याच राज्यातला. चालक तिसऱ्या राज्यातला. काही मिनिटांत मोटार सीमेपलीकडे निघून जाऊ शकते. मागे राहतात ते जखमी माणूस, त्याची पत्नी, मुले आणि वृद्ध आई. या कुटुंबाने न्याय कोठे मागावा? मालकाचे गाव शोधीत परमुलखात जावे काय? की कोणी दयेने चार पैसे हातावर ठेवील, म्हणून वाट पाहावी? या प्रश्नांना आपल्या देशातील कायद्याने उत्तर दिले आहे. ते प्रत्येक नागरिकाला ठाऊक असले पाहिजे.

वेग आणि शरीर

कायद्याकडे वळण्यापूर्वी अपघात कसा होतो, हे समजून घेणे इष्ट आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर माणूस दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे चालक कितीही दक्ष असला, तरी ३७ मीटरांच्या आत त्याला गाडी थांबवता येत नाही. वेग ताशी ८० किलोमीटर झाला की हेच अंतर ५८ मीटरांच्या आसपास जाते. पावसाने रस्ता ओला झाला किंवा गाडीत जड माल असला, तर अंतर आणखी वाढते. रस्ता ओलांडणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा. गाडी दूर दिसते, म्हणजे ती आपल्यासाठी थांबू शकेल असे नव्हे.

गाडीत बसलेल्या माणसालाही निसर्गाचा नियम चुकत नाही. गाडी एकाएकी थांबली, तरी आतील माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. ते अडवून धरण्यासाठी आसनपट्टा असतो. खांदा आणि कंबर या दोहोंना धरणारा, तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली मोटारीसाठी तयार केला. व्होल्वो या त्याच्या कंपनीने ही रचना इतर कारखानदारांनाही खुली करून दिली. एका साध्या पट्ट्याने त्यानंतर जगभर असंख्य प्राण वाचवले आहेत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, डहाणू तालुक्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. ती गुजरातेतून मुंबईकडे निघाली होती. टाटा सन्स या कंपनीचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी या अपघातात मृत्यू पावले. दोघेही मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, ही समजूत किती घातक आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळून चुकले. मागील आसनावरही पट्टा बांधण्याचा नियम पूर्वीपासूनच होता. तो पाळला मात्र जात नव्हता. संपत्ती, मान, उत्तम मोटार यांपैकी काहीही निसर्गनियमापुढे उभे राहत नाही.

इर्जिकीसारखा विमा

अपघात झालाच, तर पुढे काय? फार पूर्वी याचे उत्तर जखमी माणसाच्या दृष्टीने निराशेचे होते. त्याने मोटारमालकावर दिवाणी दावा लावावा, वर्षानुवर्षे खेटे घालावेत आणि अखेर निकाल मिळाला, तरी मालकाजवळ पैसाच नसावा, असे घडू शकत असे. ही अडचण दूर करण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या. भरपाईचा पैसा हमखास उपलब्ध असावा, ही पहिली. आणि ती मागण्याची वाट सोपी असावी, ही दुसरी.

पहिली गोष्ट विम्याने साधली. खेड्यात एखाद्याची नांगरणी अडली, की सारे शेतकरी आपापले बैल घेऊन येतात आणि एका दिवसात त्याचे शेत नांगरून देतात. या पद्धतीला इर्जिक म्हणतात. एकावर पडलेला भार अनेकांनी थोडा थोडा उचलावा, हे तिचे तत्त्व. विम्याचे तत्त्वही हेच आहे. लाखो मोटारमालक दरसाल ठरावीक हप्ता विमा कंपनीकडे भरतात. त्यांपैकी थोड्यांच्याच गाड्यांना अपघात होतो. सर्वांच्या हप्त्यांतून साठलेल्या पैशांतून त्या थोड्या अपघातांची भरपाई दिली जाते.

मोटारीचा विमा अनेक प्रकारचा असतो. मालकाच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड झाली, तर तिचा खर्च देणारा विमा घ्यावा की न घ्यावा, हे मालकाच्या इच्छेवर आहे. परंतु आपल्या गाडीमुळे रस्त्यावरील तिऱ्हाइताला इजा झाली, तर त्याची भरपाई देणारा विमा प्रत्येक मालकाला घ्यावाच लागतो. भारतात ही सक्ती १ जुलै १९४६ पासून आहे. आज ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. विम्याचा कागद मालकाजवळ असला, तरी त्यातील खरे संरक्षण रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी असते. त्या माणसाने एक पैसाही हप्ता भरलेला नसतो. तरीही कायद्याने त्याच्या जिवाची काळजी वाहिली आहे.

दुसरी गोष्ट १९५६ सालच्या कायदादुरुस्तीने घडून आली. मोटार अपघातांच्या भरपाईचा निर्णय करण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे स्थापन करण्याची तरतूद तीत झाली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे त्यांचे नाव. येथे जखमी व्यक्तीला किंवा मृताच्या वारसांना अर्ज करता येतो.

माणसाच्या कष्टाचे मोल

माणसाच्या जिवाची किंमत कोणालाही करता येणार नाही. न्यायाधिकरणही ती करीत नाही. त्या माणसाच्या कष्टावर जे कुटुंब चालत होते, त्याचा आधार किती तुटला, एवढेच ते मोजते. हा हिशेब कसा करावा, याच्या सर्वसाधारण पायऱ्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ सालच्या निकालांत घालून दिल्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. ३२ वर्षांचा एक मजूर महिन्याला ८,००० रुपये मिळवीत होता आणि अपघातात तो मरण पावला. पत्नी, दोन मुले व आई अशी चार माणसे त्याच्यावर अवलंबून होती. तो जगता, तर त्याची मजुरी वाढली असती. म्हणून ४० वर्षांखालील अशा माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के मिळवतात. बेरीज ११,२०० रुपये होते. त्यातील काही भाग तो स्वतःवर खर्च करी. चार ते सहा माणसे अवलंबून असतील, तर यासाठी चौथा हिस्सा वजा करतात. उरतात ८,४०० रुपये, म्हणजे वर्षाला १,००,८०० रुपये. या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणतात. ३१ ते ३५ या वयासाठी तो अंक १६ आहे. गुणाकार १६,१२,८०० रुपये होतो. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाला झालेला वियोग इत्यादींसाठी ठरावीक रकमा मिळतात. अर्ज केल्यापासूनचे व्याजही न्यायाधिकरण देववू शकते. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम बहुधा बँकेत ठेवण्यास सांगितले जाते, म्हणजे ती त्यांच्या शिक्षणाला उपयोगी पडते.

मजुराजवळ पगाराचा कागद नसतो. म्हणून त्याचा हक्क बुडतो काय? मुळीच नाही. अशा वेळी शासनाने ठरविलेले किमान वेतन व इतर पुरावा पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही न्यायालये मोल देतात. माणूस जखमी होऊन वाचला, तर औषधोपचार, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना आणि कायमचे आलेले अपंगत्व यांचा विचार केला जातो.

आता या सोळा लाखांच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. अपघातानंतर रस्त्याच्या कडेलाच कोणी मध्यस्थ पुढे होतो. “पोलिसांत कशाला जाता? हे दहा हजार घ्या आणि मिटवून टाका,” असे तो म्हणतो. घरात दुःख असते, हातात पैसा नसतो; म्हणून कुटुंब कोऱ्या कागदावर अंगठा उठवते. दहा हजार रुपये महिन्या-दोन महिन्यांत संपतात. मुलांचे बालपण मात्र पुढे कितीतरी वर्षे उरलेले असते. दया म्हणून मिळालेली रक्कम आणि हक्क म्हणून मिळालेली रक्कम यांतील अंतर हे असे आहे.

सीमा कायद्याला अडवीत नाही

अच्छाडसारख्या सीमेवरच्या गावाला कायद्यातील आणखी एक तरतूद फार मोलाची आहे. भरपाईचा अर्ज अपघात जेथे झाला तेथील न्यायाधिकरणाकडे करता येतो. त्याचप्रमाणे अर्जदार जेथे राहतो किंवा कामधंदा करतो, तेथील न्यायाधिकरणाकडेही करता येतो. प्रतिवादी जेथे राहतो, ते ठिकाणही चालते. म्हणजे तलासरीच्या माणसाला वापीजवळ धडक बसली आणि मोटारमालक राजस्थानात असला, तरी त्याच्या कुटुंबाला परमुलखात भटकावे लागत नाही. आपल्या भागातील न्यायाधिकरणातून त्या मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला उत्तर देण्यासाठी बोलावता येते. नाक्यावर मोटार राज्य बदलते. तिची जबाबदारी मात्र बदलत नाही.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा थांगपत्ता लागला नाही, तरीही कायदा हात वर करीत नाही. अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. यासाठी तालुक्यातील तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे अर्ज करावा लागतो. शिवाय ५ मे २०२५ पासूनच्या योजनेनुसार मोटार अपघातातील जखमी व्यक्तीवर, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न घेता उपचार होतात.

हक्क जागा ठेवावा

हक्क कायद्यात लिहिलेला असला, तरी तो आपण होऊन चालत घरी येत नाही. त्यासाठी काही गोष्टी वेळेवर कराव्या लागतात. गाडीचा क्रमांक ही न्यायाच्या दाराची पहिली किल्ली होय. क्रमांक मिळाला, की मालक सापडतो आणि मालकावरून विमा कंपनीचा पत्ता लागतो. तेव्हा अपघात पाहणाऱ्याने तो तत्काळ लिहून ठेवावा. पोलिसांत खबर द्यावी व तिची प्रत घ्यावी. रुग्णालयाचे कागद, औषधांच्या पावत्या आणि साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत. जे वाचले नाही किंवा समजले नाही, अशा कागदावर सही अथवा अंगठा करू नये.

अर्जाला विलंबही करू नये. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, अशी मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने घालण्यात आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. या मर्यादेसंबंधीचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला; तथापि मुदतीच्या आत अर्ज करणे हेच शहाणपणाचे होय. वकिलाचा खर्च परवडत नाही, म्हणून कोणी मागे राहण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले व अपंग यांना विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. अच्छाडच्या परिसरातील बहुसंख्य कुटुंबांना या तरतुदीचा लाभ घेता येईल.

हक्काला मर्यादाही आहेत, हे विसरता कामा नये. माल नेणाऱ्या टेंपोत भाडे देऊन किंवा फुकट बसून जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी सामान्यतः बांधील नसते. कारण त्या गाडीचा विमा माल वाहून नेण्यासाठी असतो, माणसे नेण्यासाठी नव्हे. कामावर जाण्याची घाई असली, तरी अशा टेंपोत दाटीवाटीने बसणे म्हणजे जीव आणि हक्क दोन्ही धोक्यात घालणे होय. अपघातात जखमी माणसाचाही दोष दिसून आला, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते. अज्ञान मुलाने मोटार चालवून अपघात केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

आणि जो केवळ वाटसरू आहे, त्याचे कर्तव्य काय? पूर्वी पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने लोक जखमी माणसाजवळ जाण्यास कचरत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदतनिसांना संरक्षण दिले आणि २०१९ साली ते कायद्यातही आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही. स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस बोलावणे, हे तर लहान मुलालाही साधेल. अपघातानंतरचा पहिला तास जखमी माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो.

भरपाईने घर सावरते, मुलांची शाळा चालू राहते, कर्जाचा फास ढिला होतो. परंतु गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून न्यायाधिकरणाचे दार ठोठावण्याची वेळच येऊ नये, हा कायद्याचा पहिला हेतू आहे. वेगमर्यादा, शिरस्त्राण, आसनपट्टा आणि परवाना यांचे नियम त्यासाठीच आहेत. महामार्गावर पन्नास लाखांची मोटार जाते आणि अनवाणी मजूरही जातो. नियम पाळून दोघांनीही एकमेकांचा जीव राखावा आणि तो राखला गेला नाही, तर दोघांनाही सारखाच न्याय मिळावा, हीच सुराज्याची खूण होय.

स्वाध्याय

१. इर्जिक आणि विमा यांतील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.

२. भरपाईचा अर्ज कोणकोणत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो? सीमेवरील गावाला या तरतुदीचा काय उपयोग होतो?

३. कारणे द्या : (अ) गाडीत मागे बसणाऱ्यानेही आसनपट्टा बांधावा. (आ) मालवाहू टेंपोतून प्रवास करू नये. (इ) अपघातानंतर कोऱ्या कागदावर अंगठा करू नये.

४. ३८ वर्षांच्या एका मजुराचे मासिक उत्पन्न १०,००० रुपये होते व त्याच्यावर चार माणसे अवलंबून होती. ३६ ते ४० या वयासाठी गुणकाचा अंक १५ आहे. पाठातील रीतीने त्याच्या कुटुंबाची मुख्य भरपाई काढा.

५. ‘दया’ आणि ‘हक्क’ यांतील फरक स्पष्ट करणारे आठ-दहा ओळींचे टिपण लिहा.